मेंदूचा चितारी : सांतियागो रामोन इ काहाल

दरवर्षीं पहिल्या चाचणी परीक्षेनंतर कांहीं पालक एकच तक्रार घेऊन आमच्याकडे येतात. मुलगा गणिताच्या वहीच्या मागल्या पानांवर चित्रें काढीत बसतो. त्याचे रंग व कुंचले काढून घ्यावे काय, असें ते पुसतात. हाच प्रश्न सुमारें एकशेंसाठ वर्षांपूर्वीं स्पेन देशांतील एका खेड्यांतल्या शस्त्रवैद्यास पडला होता, आणि त्यानें त्याचें उत्तर मोठ्या कठोरपणें 'होय' असें दिलें होतें. त्याच्या मुलाचें नांव सांतियागो रामोन इ काहाल. आपल्या मस्तकांतील मेंदू कसा बांधलेला आहे, हें जगास प्रथम नीट उमगलें तें या मुलाच्या हातच्या चित्रांवरून. त्याच्या चरित्राची व कार्याची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलमंडळीस करून द्यावी, असें आम्ही योजिलें आहे.

प्रथम मूळ प्रश्न काय होता तें समजून घेऊं. सर्व वनस्पतींचीं व प्राण्यांचीं शरीरें सूक्ष्म पेशींचीं बनलेलीं आहेत, हा सिद्धांत श्लायडेन व श्वान या दोन जर्मन पंडितांनीं १८३८-३९ सालीं मांडला. घर जसें विटांचें, तसें शरीर पेशींचें. यकृत घ्या, त्वचा घ्या. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवतांच प्रत्येक वीट वेगळी दिसे. मेंदूचें मात्र तसें नव्हतें. मेंदूचा पातळ काप यंत्राखालीं धरला म्हणजे पेशींचीं शरीरें दिसत, परंतु त्यांच्याभोंवतीं तंतूंचें इतकें दाट रान माजलेलें असे कीं, कोणता तंतु कोठून निघाला व कोठें संपला याचा थांग लागेना. म्हणून बहुतेक विद्वानांनीं असें ठरविलें कीं, मेंदूंतील पेशी एकमेकींपासून वेगळ्या नाहींतच. त्यांचे तंतु एकमेकांत मिसळून सगळ्या मेंदूचें एक अखंड जाळें झालेलें आहे. कोळ्याच्या जाळ्यांत गांठी दिसतात, पण एका गांठीचा दोरा कोठें संपतो व दुसरीचा कोठें सुरू होतो, हें दाखवितां येत नाहीं. मेंदू तसा आहे, असें हा पक्ष म्हणे. दुसऱ्या पक्षाच्या मतें मेंदू आमराईसारखा होता. आमराईंत झाडांच्या फांद्या एकमेकींत शिरतात, वाऱ्यानें एकमेकींस लागतात, तरी प्रत्येक झाड आपल्या बुंध्यावर निराळें उभें असतें. या दुसऱ्या पक्षांत १८८७ सालापर्यंत फार थोडे लोक होते, व त्यांच्याजवळचा पुरावाही अपुरा होता.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. पायांत कांटा रुततो आणि पाय क्षणांत मागें घेतला जातो. मेंदू व पाठीचा कणा यांतील मज्जारज्जु जर एकच जाळें असेल, तर कांट्याची वार्ता कोणत्या वाटेनें गेली, हें विचारण्यांतच अर्थ उरत नाहीं. ती सर्वत्र पसरली इतकेंच म्हणावें लागतें. पेशी जर वेगळ्या असतील, तर मात्र प्रत्येक वार्तेची वाट शोधतां येईल, आणि अर्धांगवायूच्या रोग्याची कोणती वाट तुटली आहे हेंही सांगतां येईल. तेव्हां या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचें सारें मज्जाशास्त्र अवलंबून होतें.

आतां चरित्राकडे वळूं. काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजीं पेतिया दे आरागोन या डोंगरी खेड्यांत झाला. वडील हुस्तो रामोन हे गरिबींतून स्वतःच्या कष्टानें शस्त्रवैद्य झालेले गृहस्थ. जें शिकल्यानें पोट भरत नाहीं तें शिकणें म्हणजे वेळेची नासाडी, असा त्यांचा ठाम ग्रह होता. मुलगा मात्र हातीं लागेल त्या वस्तूनें भिंतींवर, दारांवर व पुस्तकांच्या समासांत चित्रें काढीत सुटे. हें कुटुंब आयेर्बे या गांवीं राहत असतां मुलानें प्रेषित याकोबाचें एक चित्र काढलें. (सांतियागो हें त्या प्रेषिताच्याच नांवाचें स्पॅनिश रूप आहे.) वडिलांनीं चित्र व मुलगा दोघांनाही गांवच्या ख्रिस्तमंदिराच्या भिंतींस गिलावा करावयास आलेल्या एका कारागिरापुढें नेऊन उभें केलें आणि त्याचा अभिप्राय विचारला. त्यानें चित्र हातीं घेऊन त्याचे दोष सांगितले आणि या मुलाच्या ठायीं चित्रकार होण्याचें लक्षण नाहीं, असा निकाल दिला. या निकालावर अपील नव्हतें. त्या दिवसापासून घरांत चित्रकलेला मज्जाव झाला. एका गिलावा करणाऱ्याच्या शब्दावर मुलाचें भवितव्य ठरावें, याचें आज आपणांस नवल वाटतें. परंतु शेजाऱ्याच्या शब्दावरून मुलाची शाखा ठरविणारे पालक आजही आम्हांस भेटतात.

पुढें सांतियागोस हाका या गांवीं धर्मगुरूंच्या शाळेंत घातलें. तेथें लॅटिन भाषा घोकून घेत, आणि पाठ चुकल्यास छडी, उपास व कोंडून ठेवणें असा क्रम असे. आम्हीही ख्रिस्ती शाळेंतच शिकवितों. म्हणून हें लिहितांना आम्हांस खेद होतो, पण खोटें लिहिणें बरें नव्हे. त्या शिक्षेनें मुलगा सुधारला नाहीं. तो अधिकच उनाड झाला. अकराव्या वर्षीं त्यानें लांकडाची तोफ बनविली आणि शेजाऱ्याच्या नव्या कोऱ्या फाटकावर डागली. फाटकास भोंक पडलें व तोफेच्या जनकास कांहीं दिवस गांवच्या कोठडींत काढावे लागले. वडिलांनीं शिक्षा म्हणून त्यास एका न्हाव्याकडे व पुढें एका चांभाराकडे उमेदवार म्हणून ठेविलें. जोडे शिवण्यांत त्याचा हात चांगला बसला होता, असें सांगतात. हाताचें कसब त्याच्या अंगीं उपजतच होतें. तें कोणत्या कामास लावावें, एवढेंच कोणास सुचत नव्हतें.

तें सुचलें अखेर वडिलांनाच. इ.स. १८६८ च्या उन्हाळ्यांत, मुलगा सोळा वर्षांचा असतां, त्यास शरीररचनाशास्त्र शिकविण्याचें त्यांनीं मनावर घेतलें. हाडांवांचून हाडें शिकवितां येत नाहींत. म्हणून बापलेक रात्रीं चांदण्यांत गांवच्या कबरस्तानाची भिंत चढून गेले आणि तेथें उघडीं पडलेलीं जुनीं हाडें घरीं घेऊन आले. मुलास प्रथमच असा विषय भेटला कीं, ज्यांत पाठांतरापेक्षां डोळा श्रेष्ठ. प्रत्येक हाडाची खोंच, कड व छिद्र तो चित्रांत उतरवूं लागला, आणि चित्र काढल्यावर तें हाड त्याच्या चित्तांतून पुसलें जाईना. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील एका दासानें धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेविलें होतें. येथें पुरलेलें दान कबरस्तानांतून वर आलें. पुढें सारागोसा येथें बापलेकांनीं मिळून शवविच्छेदनाचें काम केलें. तेथें मुलानें काढलेलीं शरीराचीं रंगीत चित्रें पाहून त्यांचा ग्रंथ छापावा, अशी उमेद याच वडिलांस वाटूं लागली. तो ग्रंथ छापला गेला नाहीं. हुस्तो रामोन यांच्या कठोरपणाची निंदा पुष्कळ लेखक करतात. आमच्या मतें ती अर्धीच न्याय्य आहे. त्यांनीं मुलाच्या हातची पेन्सिल काढून घेतली हें खरें. पण तीच पेन्सिल हाडांच्या चित्रांसाठीं त्याच्या हातीं परत आली, तीही त्यांच्याच शिकवणींत.

सांतियागो १८७३ सालीं वैद्यकाची परीक्षा उतरले. लगेच सक्तीची लष्करी नोकरी आली व १८७४ सालीं त्यांस क्यूबा बेटांतील लढाईवर वैद्य म्हणून पाठविलें. तेथें शत्रूच्या गोळीपेक्षां हिंवताप अधिक माणसें मारीत होता. काहाल हिंवतापानें व अतिसारानें खंगून १८७५ सालीं परत आले. लष्करी नोकरीच्या पगारांतून जी शिल्लक उरली तिच्यांतून त्यांनीं एक सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतलें. थोड्याच दिवसांनीं क्षयानें गांठलें. त्यांतूनही ते वांचले. इ.स. १८७९ सालीं सिल्वेरिया फान्यानास यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पगार तुटपुंजा, घरांत मुलें वाढत चाललेलीं, आणि नवऱ्यास कांचपट्ट्या व रसायनें यांचा छंद. अशा संसाराचा गाडा या बाईंनीं कुरकुर न करतां ओढला. काहाल यांच्या कीर्तीचा मोठा वांटा त्यांचा आहे.

इ.स. १८८३ सालीं काहाल वॅलेन्सिया येथें शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. इ.स. १८८५ त त्या प्रांतांत पटकीची भयंकर सांथ आली. सारागोसाच्या प्रांतिक मंडळानें त्यांस सांथीचा अभ्यास करण्यास सांगितलें, आणि त्यांच्या अहवालावर संतुष्ट होऊन पैशाऐवजीं त्सायस कंपनीचें उत्तम सूक्ष्मदर्शक यंत्र भेट दिलें. तोंपर्यंत स्वतःच्या पैशाच्या साध्या यंत्रावर भागविणाऱ्या काहाल यांस आतां युरोपांतील कोणत्याही विद्यापीठाच्या तोडीचें साधन मिळालें.

साधन मिळालें, तरी वाट अद्याप सांपडावयाची होती. ती १८८७ सालीं माद्रिद येथें सांपडली. लुइस सिमारो नांवाच्या मनोरोगवैद्यानें आपल्या घरीं काहाल यांस एक कांचपट्टी दाखविली. तिच्यावरचा मेंदूचा काप इटलीच्या कामिल्लो गोल्गी यांनीं १८७३ सालीं शोधिलेल्या रीतीनें रंगविलेला होता. ही रीत अशी: मेंदूचा तुकडा कांहीं दिवस पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणांत मुरवावयाचा आणि मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत ठेवावयाचा. दोन क्षारांचा संयोग होऊन चांदीचा काळसर साका तयार होतो. नवल असें कीं, हा साका सगळ्या पेशींत भरत नाहीं. शेंकड्यांतून फार थोड्याच पेशी तो निवडतो. परंतु ज्या पेशींत तो शिरतो तिचें मुळापासून शेंड्यापर्यंत प्रत्येक टोंक पिंवळ्या पार्श्वभूमीवर काळेंभोर उठून दिसतें. जत्रेंत सर्वांनींच पांढरे कपडे घातले असतील, तर एका माणसाचा माग काढणें अशक्य. पण एखाद्यानेंच काळा डगला घातला असेल, तर तो कोठून आला व कोठें गेला हें दुरूनही कळतें. गोल्गींच्या रीतीनें मेंदूंतील एखाद्या पेशीस असा काळा डगला चढतो. ती हीच पेशी कां निवडते, याचें पुरतें उत्तर आजही मिळालेलें नाहीं.

चौदा वर्षें ही रीत उपलब्ध असून तिचा उपयोग फार थोडे लोक करीत, कारण ती लहरी होती. कधीं साधे, कधीं साधत नसे. काहाल यांनीं तीन गोष्टी केल्या. तुकडा एकदां न मुरवितां पुन्हां दुसऱ्यांदां मुरविला. काप जाड ठेविले, म्हणजे लांब तंतु मध्येंच तुटूं नयेत. आणि, सर्वांत महत्त्वाचें, प्रौढ प्राण्यांचा मेंदू सोडून अंड्यांतील पिलांचा व नवजात प्राण्यांचा मेंदू घेतला. प्राणी वाढूं लागला म्हणजे त्याच्या पुष्कळ मज्जातंतूंवर मायलिन नांवाचें एक स्निग्ध वेष्टण चढतें व त्यांत चांदी शिरत नाहीं. पिलांमध्यें हें वेष्टण अद्याप चढलेलें नसतें, तंतु आंखूड असतात आणि गर्दी कमी असते. जो प्रश्न वडाच्या सत्तर पारंब्यांमध्यें सुटेना, तो त्यांनीं वडाच्या रोपास विचारला.

उत्तर १८८८ सालीं मिळालें. त्या वेळीं ते बार्सिलोना येथें प्राध्यापक होते. पक्ष्यांच्या लहान मेंदूंत पुरकिंजे नांवाच्या मोठाल्या पेशी रांगेनें असतात. दुसऱ्या पेशींचे तंतु येऊन त्यांच्याभोंवतीं परडीसारखे विणले जातात. काहाल यांनीं शेंकडों काप तपासले. परडीचे वेत पेशीच्या अंगाला लागतात आणि तेथेंच संपतात. पेशींत शिरत नाहींत, दुसऱ्या तंतूंत मिसळत नाहींत. परडीचा आंतील फुलांस स्पर्श होतो म्हणून परडी व फुलें एक होत नाहींत. जेथें जेथें त्यांनीं पाहिलें तेथें तेथें हीच स्थिति आढळली. मग त्यांनीं डोळ्याचा अंतःपट पाहिला, मज्जारज्जु पाहिला, आणि कोठेंही अखंड जाळें दिसलें नाहीं. मेंदू ही आमराई आहे, हें ठरलें.

त्या वर्षीं काहाल वेड लागल्यासारखे काम करीत होते. बुद्धिबळाचें व्यसन त्यांना फार होतें. तेंही त्यांनीं बार्सिलोनाच्या वास्तव्यांत निग्रहानें सोडलें. पण लिहिलेले निबंध छापावे कोठें? म्हणून १८८८ च्या मे महिन्यांत त्यांनीं स्वतःच्या खर्चानें एक त्रैमासिक काढलें. त्याच्या साठच प्रती छापणें परवडलें, आणि त्यांतील बहुतेक त्यांनीं परदेशांतील विद्वानांस टपालानें पाठविल्या. उत्तर जवळजवळ आलेंच नाहीं. निबंध स्पॅनिश भाषेंत होते, आणि त्या काळीं शास्त्रज्ञ जर्मन, फ्रेंच व इंग्रजी वाचीत; स्पॅनिश वाचण्याचें कोणास प्रयोजन नव्हतें. आपल्या मराठी वाचकांस ही अडचण नवी वाटणार नाहीं. मातृभाषेंत लिहावें तर जग वाचीत नाहीं. परक्या भाषेंत लिहावें तर घरचे वाचीत नाहींत. काहाल यांनीं स्पॅनिश सोडली नाहीं. त्यांनीं आपल्या निबंधांचीं फ्रेंच भाषांतरें करवून तीं बाहेर पाठविलीं, आणि तरीही कोणी लक्ष देईना तेव्हां आपलें यंत्र व कांचपट्ट्या घेऊन १८८९ च्या ऑक्टोबरांत, स्वतःच्याच पैशानें, बर्लिन येथें जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या परिषदेस जाऊन उभे राहिले.

तो प्रसंग मोठा हृदयंगम आहे. स्पेनसारख्या शास्त्रांत मागासलेल्या समजल्या जाणाऱ्या देशाचा एक अनोळखी प्राध्यापक, मोडक्या फ्रेंच भाषेंत बोलत, येणाऱ्याजाणाऱ्यास आपल्या यंत्रांत डोकावून पाहण्याची विनंति करीत होता. ज्यांनीं पाहिलें त्यांच्या चेहऱ्यावरील शंका मावळली. वाद घालण्यास तेथें भाषेची गरज नव्हती. भिंगाखालीं पेशी स्वच्छ उभी होती. सत्तरी उलटलेले अल्बर्ट फॉन क्योलिकर हे त्या वेळचे या शास्त्रांतील पितामह. त्यांनीं काहाल यांस आपल्या गाडींत घालून नेलें, इतर विद्वानांशीं त्यांची गांठ घालून दिली, आणि त्यांचे निबंध मुळांतून वाचतां यावेत म्हणून त्या वयांत स्पॅनिश भाषेचा अभ्यास केला. क्योलिकर स्वतः पूर्वीं जाळ्याच्या पक्षाचे होते. म्हातारपणीं आपलें मत फिरविणें व तें फिरविणाऱ्या तरुणास जगापुढें आणणें, हें काम शोध लावण्याइतकेंच थोर आहे, असें आम्हांस वाटतें.

इ.स. १८९१ सालीं बर्लिनचे वाल्डेयर यांनीं या स्वतंत्र मज्जापेशीस 'न्यूरॉन' असें नांव दिलें. पाठ्यपुस्तकांत आज जें नांव मुलें पाठ करतात तें हेंच. नांव वाल्डेयर यांचें, परंतु पुरावा मुख्यतः काहाल यांचा. काहाल एवढ्यावर थांबले नाहींत. पेशीस दोन प्रकारचे हात असतात: एका बाजूस झाडाच्या फांद्यांसारखे पुष्कळ आंखूड, आणि एका बाजूस एकच लांब तंतु. काहाल यांनीं असें प्रतिपादिलें कीं, वार्ता फांद्यांकडून आंत येते, पेशीच्या अंगांतून जाते व लांब तंतूनें पुढच्या पेशीकडे जाते. सामान्यतः उलट जात नाहीं. आपल्या चित्रांत ते वार्तेची दिशा दाखविण्यास लहान बाण काढीत. त्यामुळें एरवीं निर्जीव दिसणारें चित्र एखाद्या शहराच्या रहदारीच्या नकाशासारखें वाचतां येऊं लागलें. कोंबडीच्या पिलांच्या मज्जारज्जूंत वाढत्या तंतूच्या टोंकाशीं असलेला शंकूसारखा फुगवटाही त्यांनींच १८९० सालीं प्रथम दाखविला. तो शंकु वाट चाचपीत पुढें सरकतो, हें त्यांचें अनुमान मृत कापांवरून केलेलें होतें. पुढें जिवंत तंतु वाढतांना इतरांनीं प्रत्यक्ष पाहिले, तेव्हां तें खरें ठरलें.

या चित्रांविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे. काहाल यांस छायाचित्रणाची उत्तम माहिती होती. रंगीत छायाचित्रणावर त्यांचा १९१२ सालचा एक ग्रंथच आहे. मग त्यांनीं कापांचीं छायाचित्रें कां दिलीं नाहींत? कारण जाड कापांत तंतु वरखालीं धांवतो. भिंगाचा रोख एका पातळीवर धरला कीं दुसऱ्या पातळीवरचा भाग पुसट होतो, आणि छायाचित्रांत अर्धाच तंतु येतो. चितारी मात्र भिंग वरखालीं सरकवीत सारा तंतु डोळ्यांनीं चालून जातो व मग तो अखंड काढतो. शिवाय एका कापांत सर्व कांहीं सांपडत नाहीं. अनेक कापांत पाहिलेलें एकत्र आणावें लागतें. यांत मनाचें घालण्याचा धोका असतो, आणि काहाल यांच्या विरोधकांनीं तसा आरोप केलाही. पेशींच्या फांद्यांवर कांट्यांसारखे बारीक उंचवटे त्यांनीं १८८८ सालीं दाखविले, तेव्हां हे रंगाचे डाग आहेत असें पुष्कळांनीं म्हटलें. ते डाग नव्हते. एका पेशीची दुसरीशीं भेट बहुधा याच कांट्यांवर होते, हें आज सर्वमान्य आहे. त्यांनीं सुमारें २,९०० चित्रें मागें ठेविलीं.

इ.स. १८९४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस व्याख्यानास बोलाविलें. तेथें त्यांनीं एक कल्पना मांडली, ती आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावी. प्रौढ मनुष्याच्या मेंदूंत नव्या पेशी निर्माण होत नसतील, तर अभ्यासानें बुद्धि वाढते ती कशी? त्यांचें उत्तर असें कीं, व्यायामानें पेशींच्या फांद्या वाढतात व एकमेकींशीं नवे संबंध जोडतात. त्या वेळीं हें केवळ अनुमान होतें. आज शिकण्याविषयींच्या संशोधनाचा मोठा भाग याच पायावर उभा आहे. लंडनला त्यांचे यजमान चार्ल्स शेरिंग्टन होते. दोन पेशींच्या भेटीच्या जागेस 'सिनॅप्स' हें नांव शेरिंग्टन यांनींच १८९७ सालीं दिलें.

इ.स. १९०६ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक काहाल व गोल्गी या दोघांस विभागून मिळालें. रीत एकाची, शोध दुसऱ्याचा, तेव्हां ही विभागणी योग्यच होती. काहाल ज्या हिंवतापानें क्यूबांत खंगले, त्याच तापाच्या जंतूंची वाढ व तापाची पाळी यांचा संबंध गोल्गी यांनीं १८८५ च्या सुमारास उलगडला होता. म्हणजे गोल्गी हे सामान्य पुरुष नव्हते. परंतु आपल्याच रीतीनें आपलें मत खोटें पाडलें, हें त्यांस सहन झालें नाहीं. स्टॉकहोम येथें पारितोषिकाच्या व्याख्यानांत त्यांनीं न्यूरॉनच्या सिद्धांतावरच हल्ला चढविला आणि जाळ्याचें मत पुन्हां मांडलें. सोळासतरा वर्षांचा पुरावा जणूं झालाच नव्हता. काहाल यांनीं दुसऱ्या दिवशीं आपलें व्याख्यान दिलें. त्यांत त्यांनीं आपला पुरावा सांगितला, आणि गोल्गी यांच्या कार्याचा गौरवानें उल्लेख केला. मनांतून ते फार दुखावले होते, हें पुढें त्यांनीं आत्मचरित्रांत लिहिलेंच आहे.

त्याच वर्षीं त्यांस शिक्षणमंत्रिपद देऊं केलें होतें. तें त्यांनीं नाकारलें. स्वतःच्या प्रयोगशाळेचा पगार सरकारनें ठरविला तो अधिक आहे, कमी करावा, असें त्यांनीं कळविलें. हें वाक्य लिहितांना आम्हांसही थोडें थांबावें लागलें. इ.स. १९०७ सालीं स्पेन सरकारनें होतकरू विद्यार्थ्यांस परदेशीं शिकावयास धाडण्यासाठीं एक मंडळ स्थापिलें. त्याचे अध्यक्ष काहाल होते. बर्लिनच्या परिषदेंत आपल्याला जें एकाकीपण सोसावें लागलें तें पुढच्या पिढीस सोसावें लागूं नये, हा त्यांचा कटाक्ष असे.

शिष्यशाखा मोठी झाली. फेर्नांदो दे कास्त्रो यांनीं मानेंतील धमनीजवळचा एक बारीकसा अवयव रक्ताची परीक्षा करतो हें ओळखलें. लोरेंते दे नो अमेरिकेंत गेले व मेंदूच्या पृष्ठभागाचे अभ्यासक म्हणून नांवाजले. पीओ देल रीओ ओर्तेगा यांनीं १९१९ सालीं मेंदूंतील रक्षक पेशी वेगळ्या ओळखल्या. मेंदूला इजा झाली म्हणजे याच पेशी धांवून जातात व मृत भाग साफ करतात. हा शोध गुरूच्या एका मताविरुद्ध गेला. गुरुशिष्यांत बेबनाव होऊन १९२० सालीं ओर्तेगा यांस प्रयोगशाळा सोडावी लागली. काहाल यांच्या चरित्रांतील हा डाग झांकण्याचें कारण नाहीं. क्योलिकर यांनीं जें औदार्य त्यांस दाखविलें, तें या वेळीं त्यांच्याकडून घडलें नाहीं. वाइल्डर पेनफील्ड हे शस्त्रवैद्य १९२४ सालीं अमेरिकेहून मुद्दाम माद्रिदला आले ते या ओर्तेगांच्या रीती शिकण्यासाठीं. पुढें १९३४ सालीं त्यांनीं कॅनडांत माँट्रियल येथें मेंदूच्या रोगांची प्रसिद्ध संस्था काढली.

काहाल यांचें आणखी एक मत आज जसेंच्या तसें उरलेलें नाहीं. मज्जातंतु तुटल्यावर काय होतें, या विषयावरील १९१३-१४ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं लिहिलें कीं, प्रौढाच्या मेंदूंतील वाटा कायमच्या ठरलेल्या आहेत. तेथें मरण आहे, पुनर्जनन नाहीं. मात्र हा निर्णय बदलणें भावी शास्त्राच्या हातीं आहे, असेंही त्यांनीं त्याच ठिकाणीं नमूद केलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उंदरांच्या व पक्ष्यांच्या प्रौढ मेंदूंत नव्या पेशी जन्मतात असें आढळलें. मनुष्याच्या मेंदूंत त्या किती जन्मतात, यावर विद्वानांत आजही वाद चालू आहे. मज्जारज्जु तुटून पांगळ्या झालेल्या माणसास पुन्हां चालतें करण्याची खटपट करणारे वैद्य त्या जुन्या ग्रंथाचीं पानें अजून उलटतात.

जाळ्याचा पक्ष काहाल यांच्या हयातींत संपला नाहीं. नवे लोक नव्या रीतींनीं तें मत पुन्हां पुन्हां उभें करीत. म्हणून वयाचीं ऐंशी वर्षें उलटल्यावर, १९३३ सालीं, त्यांनीं दोन्ही बाजूंच्या पुराव्याचा एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. १७ ऑक्टोबर १९३४ रोजीं माद्रिद येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांचीं चित्रें व कागदपत्रें यांस युनेस्कोनें २०१७ सालीं आपल्या 'जगाची स्मृति' या नोंदवहींत स्थान दिलें.

वादाचा निकाल लागण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यंत्र यावें लागलें. १९५० नंतरच्या दशकांत त्या यंत्राखालीं दोन पेशींच्या भेटीची जागा प्रथम स्पष्ट दिसली, आणि दोहोंच्या मध्यें एक फट आढळली. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले, तर त्यांतील सुमारें एका भागाएवढी तिची रुंदी. कांहीं थोड्या ठिकाणीं पेशी एकमेकींस सूक्ष्म नळ्यांनीं जोडलेल्याही सांपडल्या. तेवढ्यापुरतें गोल्गींचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८६ अब्ज मज्जापेशी आहेत असा हिशेब आहे, आणि त्यांची बहुतेक वार्ता अशा फटी ओलांडूनच जाते. काहाल यांच्या भिंगांतून ती फट दिसणें शक्य नव्हतें. त्यांनीं तंतूचें टोंक पाहिलें, तें जेथें संपतें तेथेंच संपतें असें चित्र काढलें, आणि त्याच्या पुढें एक रेघही ओढली नाहीं.